पनवेल ते उरण : ढगाळ दिवसाची पक्षी-फेरी

कार्तिक पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. चातुर्मास संपून साधु-साध्वींचे विहार सुरू झाले होते. पाऊस मात्र निरोप घ्यायला तयार नव्हता. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाल्याची वार्ता आदल्या रात्रीच आली होती. तरीही सकाळी सहा वाजता पनवेलच्या टपाल नाक्यावर तिघे मित्र ठरल्याप्रमाणे हजर झाले : कापडाचे एक जुने व्यापारी, एक निवृत्त शिक्षक आणि एक वकील. तिघांनीही साठी ओलांडलेली. पक्षी पाहण्याचा छंद मूळचा सरांचा. वकीलसाहेबांना तो मधुमेहामुळे लागला, कारण डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. शेठ गल्ल्यावर मुलगा बसू लागल्यापासून त्यांच्यात सामील झाले.

छत्री उघडत वकीलसाहेब म्हणाले, “पुढच्या आठवड्यावर ढकलू या का?”

“पुढच्या आठवड्यात नवमी. भरती संध्याकाळी पावणेसातला. तेव्हा अंधारात काय पाहणार?” सरांनी विचारले.

कोकण किनाऱ्यावरचा हा हिशोब जुना आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. ज्या घरांत तिथी पाहूनच दिवस उजाडतो, त्या घरांना हे गणित शिकवावे लागू नये. पण समुद्राशी संबंध तुटला की तिथी केवळ पंचांगात उरते.

एके काळी पनवेलचा संबंध असा तुटलेला नव्हता. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस बोटीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि पुढे बोरघाट चढे. १८३० मध्ये घाटातून गाडीरस्ता झाला आणि या वाटेला आणखी महत्त्व आले. मालाची गलबतेही खाडीत भरतीच्या पाण्यावरच आत येत. व्यापारी पाण्याची वेळ विचारून हमाल बोलावीत. पुढे १८६३ मध्ये कल्याण-कर्जतमार्गे रेल्वे घाट चढली आणि प्रवासी तिकडे वळले. बंदराची आठवण आता कोळीवाड्याच्या आसपास तेवढी शिल्लक आहे.

सकाळी सातच्या सुमारास खाडी ओहोटीला लागून पार उतरली होती. काठाला तिवरांची रांग, पुढे चकाकणारा करडा चिखल आणि त्यावर बारीक भुरभुर. दुर्बिणीच्या काचा पुसता पुसता रुमाल भिजले. एक राखी बगळा मान आखडून उभा होता, दोन वंचक होते, पलीकडे काही ठिपके हलत होते. त्यांची ओळख पटवण्याइतका उजेड नव्हता. वकीलसाहेब कंटाळले. सरांनी मात्र वहीत बगळा लिहिला, वंचक लिहिले आणि खाली ‘अनोळखी : सुमारे ४०’ अशी नोंद केली. न ओळखलेल्याला अंदाजाने नाव द्यायचे नाही हा त्यांचा नियम. खतावणीत तो पाळला जातो; छंदात फार कमी लोक पाळतात.

त्या चिखलात काय आहे, असे शेठनी विचारले. सरांचे उत्तर बाजारपेठेतल्या माणसाला चटकन समजेल असे होते. चिखलाच्या प्रत्येक थरात वेगळा माल असतो. कोरल पक्ष्याची चोच लांब आणि खाली वाकलेली. तो खोलवरचे किडे आणि खेकडे काढतो. पाणटिवळ्याची चोच सरळ आणि लांब. तो मधल्या थरात शोधतो. चिमुकला टिलवा वरवरचे टिपतो. एकाच गल्लीत तीन दुकाने, पण गिऱ्हाईक वेगळे. भरती आली की ही पेठ पाण्याखाली जाते आणि सर्वांना दुकाने बंद करून जवळच्या उथळ पाणथळीवर विसाव्याला यावे लागते. ती जागा उरणकडे होती, म्हणून भरतीपूर्वी तिथे पोहोचायचे होते.

गव्हाण फाट्यावरून जासईच्या दिशेने जाणारा रस्ता कंटेनरच्या वाहनांनी भरलेला असतो. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि या भागाचा व्यवहारच बदलला. मिठागरे आणि खारजमिनी जाऊन गोदामे आली. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून उभ्या राहिलेल्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. या उलाढालीवर अनेक घरे उभी राहिली आहेत, त्यांत शेठच्या नात्यातलीही आहेत. तेव्हा तिला एकतर्फी नावे ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

गाडीत शेठनी आपली खरी अडचण सांगितली. उरणजवळच्या एका गावाच्या हद्दीत दोन एकर जागा त्यांनी मे महिन्यात पाहिली होती. कोरडी, भेगाळलेली, सपाट जमीन, गोदामासाठी उत्तम. दलालाला पंचमीला विसार द्यायचे ठरले होते. वाटेवरच आहे, तर पाहून जाऊ.

साडेअकराला ते तिथे पोहोचले तेव्हा पाऊस जोरात सुरू झाला. रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडखाली तिघे उभे राहिले. शेठ बराच वेळ समोर पाहत होते. मेमध्ये जिथे ते बूट घालून फिरले होते, तिथे पाणी होते. खारबंदिस्तीची जुनी उघाडी मोडलेली होती आणि तिच्यातून भरतीचे पाणी शांतपणे आत शिरत होते.

बाराच्या पुढे पक्षी येऊ लागले. प्रथम चिखल्यांचा एक लहान थवा, मग टिलव्यांचे थवेच्या थवे. वळताना ते पांढरे दिसत, पुन्हा वळले की पावसात विरून जात. लाल पायांचे शेकाट्ये पोटरीभर पाण्यात उभे राहिले. पाणटिवळे शेवटी आले. वारा नैर्ऋत्येचा होता. साऱ्यांनी तिकडे तोंड केले आणि पुष्कळांनी एक पाय पोटाशी घेतला. मग काही घडेना. पाऊस पडत होता आणि ते उभे होते.

“हे खात का नाहीत?” वकीलसाहेबांनी विचारले.

“विश्रांती घेत आहेत. हा टिलवा भरला तर दोन-सव्वादोन तोळे. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात अंडी घालतो आणि हिवाळ्याला इथे येतो. अंगावरची चरबी हेच त्याचे भांडवल. भरतीच्या वेळी त्याला सारखे उठवले, तर ते उडण्यातच खर्च होते. परतीच्या प्रवासाला मग काय उरणार?”

एवढ्यात एक दलदली भोवत्या बांधावरून खालून गेला आणि सारे पाणी जणू उठले. दोन मिनिटे आकाशात गोंधळ माजला. नंतर थवे पुन्हा त्याच दोन एकरांत उतरले; आजूबाजूच्या भरावावर एकही बसला नाही.

शेठच्या गाडीत ज्वारीची पिशवी नेहमी असते. ती घेऊन ते शेडबाहेर दोन पावले गेले. सर हळूच म्हणाले, “शेठ, हे दाणा खात नाहीत.” पिशवी परत गाडीत गेली.

वकीलसाहेब तोवर बांधाच्या कडेची तिवरे पाहत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, हे त्यांनी सांगितले. छत्री टेकत ते भिजत बांधावरून पावले मोजून आले.

“मग राहते किती?” शेठनी विचारले.

“दक्षिणेची एक चिंचोळी पट्टी. ती घेण्यात अर्थ नाही. अर्थात, तिवरे रातोरात नाहीशी करणारेही पुष्कळ असतात. दलाल तुम्हाला ती सोयही सुचवील.”

शेठ काही बोलले नाहीत. शेडखालीच त्यांनी खाकरे आणि मेथीचे थेपले काढले. खाताना सरांनी डॉ. सालिम अली यांची गोष्ट सांगितली. घरच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले, तो चालला नाही; मुंबईत येऊन दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनीस यांचे शिक्षण घेतले. पुढे याच जिल्ह्यातल्या किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. पक्ष्यांच्या नोंदी त्यांनी जमाखर्चासारख्या नेटक्या ठेवल्या, यात त्या शिक्षणाचा वाटा नसेलच असे नाही.

रोहित पक्षी दिसतील अशी वकीलसाहेबांची आशा होती. ठाण्याच्या खाडीत त्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि तिथले थवे उरणकडेही येतात. पण हंगाम नुकताच लागत होता. अडीचपर्यंत वाट पाहून सरांनी वहीत ‘रोहित : ०’ असे लिहिले. टिलवे सुमारे ३००, पाणटिवळे ८५, शेकाट्ये ६२. स्थळाच्या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली. या पाणथळीचे नाव काय, असे त्यांनी विचारले. तिला नाव नव्हते. शेठनी सात-बाऱ्यावरचा गट क्रमांक सांगितला, सरांनी तोच लिहिला.

चौविहारामुळे शेठना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचणे आवश्यक होते. ढगांत सूर्य दिसत नव्हता, तेव्हा घड्याळावरच भिस्त. चारच्या सुमारास परतताना गव्हाण फाट्याजवळ दलालाचा फोन आला.

“शेठ, पंचमीला विसार घेऊन येताय ना?”

“जागेत पाणी आहे, भाऊ.”

“पाण्याचे काय एवढे? शंभर डंपर भराव टाकला की झाले. शेजाऱ्यांनी तेच केले.”

शेठनी क्षणभर बोटांवर हिशोब केला. “पंचमीला पावणेचारला भरती आहे. त्या वेळी तुम्ही जागेवर या. मी सरांनाही आणतो. पैशाचे त्यानंतर बोलू.”

टपाल नाक्यावर तिघे उतरले तेव्हा साडेपाच वाजले होते आणि पाऊस थांबला होता.