आपल्याच जाळ्यातला गोल

फूटबॉल हा बायकामाणसांचा विषय नव्हे, अशी आपल्या घरांतून जुनी समजूत आहे. मुंबईस असताना रोव्हर्स कपचे सामने लागले की घरातील पुरुषमंडळी कूपरेजच्या मैदानाकडे निघत आणि आम्ही मुली त्यांचे डबे भरून देत असू. त्यापलीकडे त्या खेळाशी आमचा काही संबंध नव्हता. पुढे १९७७ साली आम्ही इस्राएलात आलो, उल्पानात हिब्रू शिकलो आणि परिचारिकेच्या शिक्षणाला लागलो. पुरुषांच्या वॉर्डात ज्याने पाळ्या केल्या त्याला फूटबॉल टाळता येत नाही, हे तेव्हा लवकरच कळून आले.

आता निवृत्त होऊन घरी बसलो आहोत. नातवंडे दर शनिवारी शब्बाथ संपला की इंग्लंडमधल्या सामन्यांचे निकाल पाहू लागतात. आम्ही मध्येच काही विचारले की हसून म्हणतात, "सब्ता, तुला यातलं काय कळतं?" त्यांना, आणि वाचकहो, आपणांसही, एका हंगामाची हकिकत सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते. तो हंगाम म्हणजे इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचा १९७९-८० चा.

लिव्हरपूलचा त्या वेळी मोठा दबदबा होता. १९७७ आणि १९७८ अशी लागोपाठ दोन वर्षे युरोपियन कप त्यांनी जिंकला होता आणि १९७९ साली इंग्लंडच्या पहिल्या विभागाचे विजेतेपदही त्यांच्याकडेच होते. अशा संघाने त्या उन्हाळ्यात तेल अवीवच्या मक्काबी क्लबातून एक तरुण बचावपटू दोन लाख पौंड देऊन घेतला. त्याचे नाव अवी कोहेन. इंग्लंडच्या पहिल्या विभागात खेळलेला हा पहिला इस्राएली. त्याचा जन्म १९५६ सालचा, कैरो शहरातला. म्हणजे लहानपणी एकदा देश बदललेला हा मुलगा बाविसाव्या वर्षी पुन्हा परक्या मुलखात, परक्या भाषेत आणि परक्या हवेत जाऊन उभा राहिला. आपल्यापैकी ज्यांनी सामान बांधून देश सोडला आहे, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

त्या संघात केनी डल्ग्लिश नावाचा फार नावाजलेला खेळाडू होता. तो स्कॉटलंडचा, आणि त्याचे उच्चार इतके जड की इंग्लिश लोकांनाही ते समजणे कठीण जाई. डल्ग्लिशने पुढे सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. कपडे बदलण्याच्या खोलीत अवी त्याच्या शेजारी बसत असे. एक दिवस तो डल्ग्लिशकडे वळून आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला की तू आणि मी सारखेच, दोघेही इंग्रजी शिकतो आहोत. ही गोष्ट आम्ही वाचली तेव्हा आम्हाला उल्पानचा वर्ग आठवला. तेथे रुमानियाची एक डॉक्टरीणबाई आणि आम्ही एका बाकावर बसत होतो आणि दोघींनाही "मला एक किलो बटाटे हवेत" हे वाक्य धड म्हणता येत नव्हते.

असो. हंगामाकडे वळू. त्या काळी पहिल्या विभागात बावीस संघ होते आणि प्रत्येकाला ४२ सामने खेळावे लागत. विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक, असा हिशेब होता. तीन गुणांचा नियम १९८१ साली आला. लिव्हरपूलची सुरुवात अडखळत झाली. युरोपियन कपात तर पहिल्याच फेरीत तिब्लिसीच्या दिनामो संघाने त्यांना बाहेर काढले. पण पुढे गाडी रुळावर आली. घरच्या ॲनफील्ड मैदानावर खेळलेल्या २१ सामन्यांत ते एकदाही हरले नाहीत, आणि त्या २१ सामन्यांत मिळून त्यांच्यावर फक्त आठ गोल झाले. हा आठाचा आकडा ध्यानात ठेवावा.

अवी कोहेनला मात्र फार थोडे सामने मिळाले. बहुतेक वेळ तो राखीव खेळाडूंतच राहिला. घरची माणसे, ओळखीचे मैदान, नाव घेऊन ओरडणारी गर्दी सोडून जावे, आणि तेथे गेल्यावर दर आठवड्याला यादीत आपले नाव नसावे, हे सोसणे सोपे नाही. या संघाचे मॅनेजर बॉब पेस्ली यांना ते दुःख ठाऊक होते, असे आम्हाला वाटते. स्वतः खेळाडू असताना १९५० साली एफ. ए. कपच्या उपांत्य सामन्यात त्यांनी गोल केला होता, तरी अंतिम सामन्याच्या संघात त्यांना घेतले नव्हते. पेस्ली पुढे त्याच क्लबात खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करण्याचे काम शिकले, वर्षानुवर्षे ते केले आणि मग १९७४ साली मॅनेजर झाले. पायाला पट्टी बांधत वर चढलेला माणूस म्हणून आम्हा परिचारिकांना त्यांच्याविषयी जरा जास्तच आपुलकी.

एप्रिल महिना आला तेव्हा संघ थकून गेला होता. एफ. ए. कपच्या उपांत्य फेरीत आर्सेनलशी गाठ पडली. पहिला सामना बरोबरीत सुटला, दुसराही, तिसराही. अखेर १ मे रोजी चौथ्या सामन्यात आर्सेनलने एका गोलाने त्यांना हरविले. मध्ये एकच दिवस गेला आणि ३ मे १९८० रोजी, शनिवारी, ॲनफील्डवर ॲस्टन व्हिला संघाशी सामना होता. लिव्हरपूलचे तेव्हा ५८ गुण होते आणि मँचेस्टर युनायटेडचेही ५८. युनायटेडचा एकच सामना बाकी होता, लिव्हरपूलचे दोन. अशा दिवशी बचावाच्या फळीत अवी कोहेनला उभे केले गेले.

त्या दिवशी आमची दुपारची पाळी होती. आम्ही तेव्हा शिकाऊच होतो. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर हर्नियाचे ऑपरेशन झालेले एक वयस्कर गृहस्थ होते. जन्माचे तेल अवीवकर, बस चालविण्याची नोकरी, आणि मक्काबीचे कट्टर अभिमानी. शब्बाथ पाळणाऱ्या शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पडदा ओढून, उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून ते बी.बी.सी. लावीत. पण इंग्रजी त्यांना समजेना. "अखोत, तू हिंदुस्थानची, तुला इंग्रजी येतं. काय म्हणतोय तो, सांग," म्हणून त्यांनी आम्हाला बोलाविले. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलेले इंग्रजी अशा कामी येईल असे आमच्या गुरुजींनाही वाटले नसेल.

पहिली बातमी चांगली होती. डेव्हिड जॉन्सनने लिव्हरपूलतर्फे गोल केला होता. चहाचे पेले गोळा करून आम्ही परत आलो तेव्हा दुसरी बातमी आली. ॲस्टन व्हिलाने बरोबरी केली होती, आणि चेंडू जाळ्यात घातला होता अवी कोहेनने, आपल्याच जाळ्यात. हिब्रूत त्याला 'गोल अत्स्मी' म्हणतात. रुग्णाला खरे तेच सांगावे हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकविले होते, म्हणून आम्ही जसे ऐकले तसे सांगितले. आजोबांनी डोळे मिटून घेतले. पलीकडच्या खाटेवरचा एक जण पडद्याआडून म्हणाला, "म्हणूनच आपल्या माणसांना बाहेर पाठवू नये. सगळ्या देशाचं नाव घालवलं."

घरच्या मैदानावर साऱ्या हंगामात जे आठ गोल झाले त्यांतला एक हा. तोही अशा दिवशी, आणि तोही नवख्या परदेशी माणसाकडून.

त्या काळी एका सामन्यात एकच खेळाडू बदलता येत असे. पेस्ली यांनी मनात आणले असते तर मध्यंतरात अवीला बसविता आले असते, आणि कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी बसविले नाही. उत्तरार्धात तो त्याच जागेवर उतरला, आणि थोड्याच वेळात त्याने गोल केला. या खेपेस समोरच्या जाळ्यात. आम्ही ते सांगितले तेव्हा आजोबा इतके उठून बसले की त्यांच्या टाक्यांची काळजी आम्हाला पडली. मघाचा पलीकडचा गृहस्थ आता "आपला अवी, आपला अवी" म्हणत होता. पुढे जॉन्सनने आणखी एक गोल केला, आणि चौथा गोल ॲस्टन व्हिलाच्या नोएल ब्लेकने आपल्याच जाळ्यात घातला. हा ब्लेक अठरा वर्षांचा पोर, जन्माने जमेकाचा. म्हणजे एकाच दुपारी दोन परमुलखी मुलांनी स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला. सामना ४-१ असा संपला. तिकडे मँचेस्टर युनायटेड लीड्सला हरले, आणि लिव्हरपूलचे बारावे विजेतेपद त्याच दिवशी निश्चित झाले.

हंगाम संपला तेव्हा तक्ता असा होता: ४२ सामने, २५ विजय, १० बरोबरी, ७ पराभव, ८१ गोल केले, ३० झाले, गुण ६०. दुसऱ्या क्रमांकावर युनायटेड, ५८. अवी कोहेन लिव्हरपूलकडून एकूण २४ सामने खेळला आणि त्याने एकच गोल केला. तो हाच. १९८१ साली तो मक्काबीला परत आला.

आता हे सारे सांगण्याचे कारण. परक्या ठिकाणी गेलेल्या माणसाच्या हातून काही चुकले की चूक त्याची एकट्याची राहत नाही, ती त्याच्या सगळ्या लोकांच्या नावावर मांडली जाते. आपल्या समाजाने हे भोगले आहे. लग्नकार्याच्या वेळी आपल्या लोकांच्या पिढ्यांची चौकशी होत असे, आणि १९६४ साली आपल्या वडीलधाऱ्यांना यरुशलेमेत धरणे धरून बसावे लागले. त्याच वर्षी क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी आहेत असे स्पष्ट केले. पण कागदावरची बरोबरी आणि कामावरची बरोबरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामावरची बरोबरी ठराव करून येत नाही. चुकलेल्या नवख्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम सोपविले गेले, की ती आली असे समजावे.

१९९१ साली सोव्हिएत देशातून पुष्कळ लोक आले तेव्हा आमच्या वॉर्डात एक परिचारिका लागली. कामात तरबेज, पण हिब्रू कच्चे. एका रुग्णाने उशी मागितली. उशीला हिब्रूत 'करीत' म्हणतात आणि चमच्याला 'कपीत'. तिने धावत जाऊन चमचा आणून दिला. सारा वॉर्ड हसला, आणि आमच्यापैकीच काही जणी म्हणाल्या, "हे रशियन लोक असेच." ती कोपऱ्यात जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी पाळीचे वाटप आमच्याकडे होते. आम्ही तिला तोच वॉर्ड, त्याच खाटा दिल्या. पुढे वीस वर्षे ती तेथे होती, आणि शीर शोधून सुई लावण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते.

आज आपण येथे जुने झालो आहोत. आपली मुले अधिकारावर आहेत, आणि नवीन येणारे दुसरेच आहेत. ईशान्य हिंदुस्थानातून बेने मेनाशे आले आहेत. इथिओपियाची मुलेमुली इस्पितळांतून काम करीत आहेत. आपल्याच म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करावयास केरळच्या बाया आल्या आहेत. त्यांच्या हातून पेला फुटला, औषधाचे नाव उच्चारताना चुकले, की आपल्या घरांतूनही "ते लोक असेच" हे शब्द ऐकू येतात. ऐकून मनाला फार लागते, कारण हेच शब्द आपल्या आयांनी ऐकले होते.

अवी कोहेन २०१० च्या डिसेंबरात मोटारसायकलच्या अपघातानंतर इस्पितळात वारला. वय अवघे ५४. त्याचा मुलगा तमीर तेव्हा इंग्लंडमध्येच बोल्टन क्लबाकडून खेळत होता. २४ एप्रिल २०११ रोजी आर्सेनलविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटांत त्याने विजयाचा गोल केला आणि अंगातला सदरा वर करून आतल्या बनियनवरचे बापाचे चित्र लोकांना दाखविले. आमच्या घरी ते पाहिले तेव्हा धाकटा नातू अजून जन्मायचा होता. त्यालाही आता ते दाखविले आहे.

वाचकांकडे मागणे एवढेच. ज्यांच्या हाताखाली कोणी नवीन माणूस आहे, दुकानात, कचेरीत, इस्पितळात, आपल्या घरात, त्याच्या हातून कधी आपल्याच जाळ्यात गोल झाला तर त्याला मध्यंतरात बसवू नये. त्याचे गाव आणि जात काढू नये. उत्तरार्धात त्याला त्याच जागेवर उतरवावे आणि चेंडू त्याच्याकडेही द्यावा.