हरणाऱ्या संघाचा हिशेब

खेळांतले आकडे तपासणं हा माझा व्यवसाय. लोकांना माझ्याकडून विक्रम ऐकायचे असतात: सर्वाधिक धावा, सर्वाधिक गोल, सलग विजय. माझ्याकडे मात्र एक जाडजूड फाईल नुसत्या पराभवांची आहे आणि विद्यार्थ्यांना संभाव्यता शिकवताना मला तीच जास्त उपयोगी पडते. जिंकलेल्या सामन्याच्या श्रेयाला दहा वाटेकरी निघतात. वर्षानुवर्षं हरणाऱ्या संघाची कारणं मात्र शोधावीच लागतात.

या फाईलीतली सर्वांत ठळक प्रकरणं अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची आहेत. हा आपला पायांनी खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून, समोरच्या भिंतीएवढ्या माणसांना चुकवत पळायचा हा खेळ. तिथे शनिवार हा कॉलेजच्या सामन्यांचा वार. काही विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये लाखभर माणूस बसतं. पण मोसम लहान, जेमतेम दहा-बारा सामन्यांचा. त्यामुळे एकेक पराभव जड जातो आणि अख्खा मोसम हातचा गेला की पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं उदाहरण घेऊ. मराठी वाचकाला हे नाव बाबासाहेब आंबेडकरांमुळे परिचित आहे. बाबासाहेब १९१३ साली तिथे पोचले तेव्हा कोलंबियात फुटबॉल नव्हताच. खेळातला हिंसाचार असह्य झाल्यामुळे विद्यापीठाने १९०५च्या मोसमानंतर तो बंद केला होता. बाबासाहेब तिथे शिकत असतानाच, १९१५ साली, तो पुन्हा सुरू झाला. पुढे याच विद्यापीठाच्या संघाने १ जानेवारी १९३४ रोजी रोझ बोल या प्रतिष्ठेच्या सामन्यात स्टॅनफर्डला ७-० असं हरवलं. १९४७ साली आर्मीच्या, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या, संघाची ३२ सामन्यांची अपराजित घोडदौडही कोलंबियानेच २१-२० अशी रोखली. म्हणजे हरणं या संस्थेच्या रक्तात होतं, असं म्हणायची सोय नाही.

आणि तरीही १९८३ ते १९८८ या काळात कोलंबिया सलग ४४ सामने हरली. १९८४पासून १९८७पर्यंतचे चार मोसम पूर्ण कोरडे गेले. १९८४ साली प्रवेश घेऊन १९८८ साली पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजचा फुटबॉल संघ जिंकलेला एकदाही पाहिला नाही. १९८४ साली नवं स्टेडियम उभं राहिलं, त्यातला पहिला विजय बघायलाही १९८८ साल उजाडावं लागलं.

आता माझं काम सुरू होतं. हे नुसतं दुर्दैव असू शकेल का? समजा, संघाला प्रत्येक सामना जिंकण्याची वीस टक्के संधी आहे. तर सलग ४४ पराभवांची शक्यता साधारण अठरा हजारांत एक येते. संधी दहा टक्के धरली तर शंभरात एक. पाच टक्के धरली तर मात्र दहात एक, म्हणजे अगदी होण्याजोगी गोष्ट. प्रत्येक सामन्यात संधी सारखी नसते, त्यामुळे हे गणित ढोबळ आहे, पण त्याचा रोख स्पष्ट आहे. इतकी लांब मालिका दिसली की किकचा नेम चुकला, पाऊस आला, पंचांनी अन्याय केला ही कारणं बाजूला ठेवायची. हा संघ मैदानात उतरण्याआधीच जवळजवळ हरलेला होता. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की त्याला तसा कोणी केला?

कोलंबिया ज्या आयव्ही लीगमध्ये खेळते तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. हे कारण अनेक जण पुढे करतात, पण ते टिकत नाही, कारण लीगमधल्या बाकीच्या सातही संस्थांना हाच नियम आहे. फरक इतरत्र होता. वर्ग भरतात मॅनहॅटनच्या ११६व्या रस्त्यावर आणि मैदान बेटाच्या उत्तर टोकाला, २१८व्या रस्त्यावर. अभ्यास सांभाळणाऱ्या मुलांनी सरावासाठी शंभर रस्ते ओलांडून जायचं आणि परत यायचं. शिवाय पराभव स्वतःच पुढचे पराभव घडवतो. सतरा वर्षांच्या चांगल्या खेळाडूला हार्वर्ड, येल आणि कोलंबिया तिन्ही बोलावत असतील, तर तो सतत हरणाऱ्या संघात कशाला जाईल? तो जात नाही म्हणून संघ हरतो आणि संघ हरतो म्हणून पुढच्या वर्षीचा खेळाडूही येत नाही. हे चक्र तोडायला पैसा, प्रवेश-कार्यालयाची साथ आणि काही वर्षांचा धीर लागतो. यातलं काहीही मुलांच्या हातात नसतं.

खापर मात्र त्यांच्यावरच फुटतं. १९८५ साली जिम गॅरेट हे नवे प्रशिक्षक आले. हार्वर्डविरुद्ध कोलंबिया १७-० अशी पुढे होती आणि शेवटी ४९-१७ अशी हरली. गॅरेट यांनी पत्रकारांसमोर आपल्याच मुलांना नाही नाही ते सुनावलं. तो मोसम दहापैकी दहा पराभवांनी संपला आणि गॅरेट गेले. विहिरीत पाणी नसताना रहाटाला शिव्या घालण्याचाच हा प्रकार. त्यांच्यानंतर आलेल्या लॅरी मॅकएलरीव्ही यांचेही पहिले दोन मोसम कोरडेच गेले.

प्रशिक्षक बदलण्याबद्दल संख्याशास्त्राचं एक जुनं निरीक्षण आहे. कामगिरी तळाला गेली की त्यानंतरची कामगिरी बहुधा थोडी सुधारते, कारण अगदी तळाच्या निकालात गुणवत्तेच्या उणिवेबरोबर थोडं दुर्दैवही मिसळलेलं असतं. आम्ही याला सरासरीकडे परतणं म्हणतो. संस्था नेमकी तळाशी असतानाच प्रशिक्षक बदलते, पुढच्या वर्षी दोन सामने जास्त जिंकते आणि हकालपट्टीचा गुण आला असं समजते. कोलंबियाच्या बाबतीत तेवढाही दिलासा मिळाला नाही, कारण तिथे दुर्दैवाचा वाटा नगण्य होता.

मालिका अखेर ८ ऑक्टोबर १९८८ रोजी तुटली. कोलंबियाने प्रिन्स्टनला १६-१३ असं हरवलं. शेवटच्या क्षणी प्रिन्स्टनने लांबून मारलेली किक कमी पडली. ती पोचली असती तर सामना बरोबरीत सुटला असता. विद्यार्थी मैदानात घुसले, गोलपोस्ट आडवे झाले. त्या दिवशी प्रिन्स्टनचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चढाया चालवणारा खेळाडू, होता जेसन गॅरेट, म्हणजे कोलंबियाच्या मुलांना दूषणं देऊन गेलेल्या प्रशिक्षकांचाच मुलगा. तो पुढे डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक झाला. मालिका तोडणारे मॅकएलरीव्ही मात्र त्या मोसमानंतर कोलंबियात राहिले नाहीत.

कोलंबियाचे ४४ जास्त वाटत असतील तर टेक्सासमधलं प्रेअरी व्ह्यू विद्यापीठ पाहा. १९८९ ते १९९८ या काळात त्यांनी सलग ८० सामने गमावले. ही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली जुनी संस्था. प्रशिक्षक बिली निक्स यांच्या काळात, १९५३ ते १९६४ दरम्यान, तिने कृष्णवर्णीय महाविद्यालयांचं राष्ट्रीय विजेतेपद पाचदा मिळवलं होतं. पुढे दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना दारं उघडली. न्याय्यच गोष्ट, पण तिच्यामुळे प्रेअरी व्ह्यूसारख्या संस्थांकडे येणारी गुणवत्ता श्रीमंत संघांकडे वळली. त्यातच पैशाचा गोंधळ झाला, १९९०चा मोसम रद्द करावा लागला आणि संघ परतला तो शिष्यवृत्त्यांविना. १९९१ साली ११ सामन्यांत त्यांनी ४८ गुण केले आणि ६१७ गुण दिले. म्हणजे दर सामन्याला सरासरी पन्नासहून अधिक गुणांनी हार. या आकड्यांत मुलांच्या जिद्दीची परीक्षा शोधण्यात अर्थ नाही. विद्यापीठाचं अंदाजपत्रकच गुणफलकावर उमटलेलं दिसतं. हे माहीत असूनही दर शनिवारी मैदानात उतरणाऱ्या मुलांची जिद्द कमी होती असं मला कोणी पटवून द्यावं. २६ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांनी लँगस्टन विद्यापीठाला १४-१२ असं हरवलं तेव्हा ती मालिका थांबली.

शिकागोशेजारच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची कथा याच वळणाची. १९७९ ते १९८२ सलग ३४ पराभव. ते संपले तेव्हा विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उखडून मिशिगन सरोवरात नेऊन टाकले. पण एक सामना जिंकल्याने संघ सुधारत नाही. १९७१नंतर या विद्यापीठाला विजयांचं पारडं जड असलेला मोसम बघायला १९९५पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी मात्र त्यांनी बलाढ्य नोत्र दामला १७-१५ असं हरवून सुरुवात केली आणि बिग टेन ही मातब्बर लीग जिंकली.

या तिन्ही संस्था पुढे विजेत्या झाल्या. नॉर्थवेस्टर्न मालिका तुटल्यानंतर तेरा वर्षांनी आणि प्रेअरी व्ह्यू अकरा वर्षांनी, २००९ साली, आपापल्या लीगचं विजेतेपद घेऊन मोकळ्या झाल्या. कोलंबियाला छत्तीस वर्षं लागली. मध्ये २०१३ आणि २०१४ हे दोन मोसम पुन्हा शून्यावर गेले आणि १९६१नंतरचं पहिलं, तेही दोघांबरोबर विभागून मिळालेलं, विजेतेपद २०२४ साली हाती आलं. नवी मुलं, नवे प्रशिक्षक तर दर काही वर्षांनी येतच असतात. संस्थेचा निर्णय बदलायला दशकं लागतात.

आता आपल्याकडे पाहू. आंतरमहाविद्यालयीन किंवा आंतरविभागीय स्पर्धेतून संघ पहिल्याच फेरीत हरून परत येतो, फलकावर निकाल लागतो आणि जिमखान्यात मुलांची खिल्ली उडते. आपल्या कॉलेजचा संघ असा परतेल तेव्हा कृपा करून काही साधे प्रश्न विचारा. सरावाला मैदान वर्षभर मिळालं, की स्पर्धेआधी फक्त आठवडाभर? खेळाडूंचा दैनिक भत्ता किती आणि तो हातात कधी पडला? प्रशिक्षक पूर्णवेळ आहे की मानधनावर? विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या क्रीडा शुल्कातले किती रुपये खरोखर खेळावर खर्च झाले? या प्रश्नांची उत्तरं क्रीडा विभागाने आणि व्यवस्थापनाने द्यायची आहेत. ती मिळाल्याशिवाय एकोणीस वर्षांच्या मुलांना पराभवाचा जाब विचारायचा हक्क आपल्यापैकी कोणालाही नाही.