घरची केळी, घरचे दूध आणि चमचाभर कोको

बहिणींनो, आमचा भाग केळीचा. रावेर, यावल, सावदा, फैजपूर ही नावे तुमच्या कानावर असतीलच. इथली केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत गेली, 2016 साली जळगावच्या केळ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी एक विचारते, रागावू नका. ज्या घराची हजारो खोडे शेतात उभी आहेत, त्या घरातले पोर आठवड्यात पिकलेली केळी किती खाते? आमच्या गल्लीत मी सहज विचारून पाहिले. कुणी म्हणाले एखादे, कुणी म्हणाले पाहुणे आले तर.

याला कारण आहे. केळीचा घड हिरवा असतानाच कापतात. बागेतून वजनकाट्यावर, तिथून गाडीत. पिवळा होतो तो दूर शहरातल्या पिकवण्याच्या खोलीत. त्यामुळे बाग आपली आणि पिकले केळे परक्याचे, अशी गंमत होऊन बसते. दुधाचेही तेच. सकाळचे दूध डेअरीला, संध्याकाळचेही डेअरीला. मागे राहते त्याचा चहा. तो चहाच पोरांपुढे येतो, आणि वर पुन्हा आपण म्हणतो, पोराच्या अंगाला काही लागत नाही!

मग येतो दुकानातला डबा. दुधात घालायची ती चॉकलेटी पूड. डब्यावर धावणारा मुलगा असतो, ताकदीच्या गोष्टी असतात. तुम्ही डब्याची मागची बाजू वाचता का? घटक जास्त वजनापासून कमीकडे अशा क्रमाने छापावे लागतात. साखर पहिल्या दोन-तीन नावांत दिसली, तर आपण मुख्यतः कशाचे पैसे मोजतो ते कळते. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने मोबाइलवरून माल विकणाऱ्या कंपन्यांना सांगितले, की अशी पेये ‘आरोग्यपेय’ या सदरात ठेवू नका. म्हणजे ते विष आहे असे नव्हे. पण केळी विकून आलेल्या पैशातून साखर विकत आणायची आणि तिला ताकद म्हणायचे, हा हिशेब मला काही पटत नाही.

पोरांना हवा असतो तो चॉकलेटचा वास आणि तपकिरी रंग. तो कोकोचा असतो. कोको म्हणजे एका झाडाच्या फळातल्या बिया. आंबवून, वाळवून, भाजून, तेलकट भाग बराचसा काढून केलेली पूड. चवीला चक्क कडू. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत हे आंतरपीक घेतात. त्यातली एक हकिगत शेतकऱ्याच्या घरात सांगण्यासारखी आहे. कोकोचा भाव कोसळला आणि घेणारे मागे सरले, तेव्हा 1973 साली स्थापन झालेली सुपारीवाल्या शेतकऱ्यांची ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था कोको खरेदीत उतरली. पुढे 1986 साली तिने कर्नाटकात पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखानाच काढला. आमच्याकडे 2023 च्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याने अर्धी बाग कापली, भाव उतरताच फोन उचलणे बंद केले. घड झाडावरच पिकून फाटले, उरले ते गुरांपुढे गेले. तेव्हापासून पुत्तूरच्या या लोकांचे मला फार कौतुक वाटते. असो.

तर कृती. ही काही परदेशी करामत नाही. आपले शिकरणच जरा चॉकलेटी वाटेने गेलेले आहे. चार पेल्यांसाठी मध्यम आकाराची तीन केळी, पाऊण लिटर उकळून गार केलेले दूध आणि बिनसाखरेच्या कोकोचे चार सपाट लहान चमचे. साखर नाही. हो, अजिबात नाही, पण त्याला एक अट आहे: केळे पूर्ण पिकलेले हवे. सालीवर काळे ठिपके आलेले, दाबले तर मऊ लागणारे. केळे कच्चे असते तेव्हा त्यात पिठूळ भाग पुष्कळ. पिकता पिकता त्याचीच साखर होते. म्हणून ठिपक्यांचे केळे गोड. व्यापारी ज्याला नाक मुरडतो तेच आपल्या कामाचे. मात्र दारूसारखा आंबूस वास आला, बुरशी दिसली, गर पाणचट झाला, तर टाकून द्या.

पिकवायला वेगळे काही लागत नाही. कापणीच्या वेळी एक घड घरासाठी बाजूला काढा. फण्या सुट्या करून कोरड्या गवतात नाहीतर स्वच्छ पोत्यात झाकून ठेवा. केळ्यातूनच निघणारा वायू त्यांना पिकवतो. शेजारी एखादे पिकले केळे ठेवले तर काम लवकर होते. कार्बाइडच्या पुडीच्या वाटेला जाऊ नका. फळ पिकवायला ती वापरण्यास कायद्याने बंदी आहे.

आता कोको. थंड दुधात टाकलात तर वर गुठळ्या तरंगतील आणि तुम्ही मला बोल लावाल. आधी वाटीत कोको घ्या, दोन-तीन चमचे कोमट दूध घालून बोटाला खर लागणार नाही इतका गुळगुळीत कालवा. मग त्यात अर्धी वाटी दूध घालून मंद आचेवर, ढवळत, एक उकळी आणा. याने कच्चट वास जातो. गार होऊ द्या. केळी, कालवलेला कोको आणि थोडे दूध मिक्सरमधून फिरवा, शेवटी उरलेले दूध घाला. म्हशीचे दूध दाट असेल तर आधी साय काढून घ्या; ती तुपाला येईल.

वीज नसली तर? आमच्याकडे हा प्रश्न नेहमीचा, तेव्हा सांगते. केळी पुरणयंत्रातून किंवा चाळणीवर दाबून काढा, उंच पातेल्यात कोको-दूध ओता आणि ताकाच्या रवीने घुसळा. फेस असा चढतो की पोरे आधी तोच चाटतात. मला तर मिक्सरपेक्षा हेच आवडते. केळ्याचे बारीक कण जिभेला लागतात. बर्फाची गरज नाही. दुधाचे झाकलेले भांडे माठाच्या गार पाण्यात तासभर ठेवले की पुरते. ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी सोललेल्या केळ्याचे काप बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. मग शेक आइस्क्रीमसारखा घट्ट होतो. भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट दोन चमचे घातले तर पोट अधिक वेळ भरलेले राहते, शेतावर जाणाऱ्याला ते बरे. वेलदोडा घालायचा तर अगदी चिमूट, नाहीतर कोकोचा वास मरतो.

केल्याबरोबर प्यावे. केळे हवेने काळे पडते, कोकोमुळे ते दिसत नाही इतकेच. ठेवलेला शेक चवीला उतरतो.

आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदाच हात आडवा धरला. “दुधात फळ घालू नये, अंगावर उमटतं.” त्यांचे म्हणणे हवेतले नाही. आयुर्वेदात दूध आणि फळ एकत्र घेणे हा विरुद्ध आहार मानतात, आणि केळेही त्यात धरतात. मी इतकेच म्हटले, “आत्याबाई, मग सणाला तुम्ही शिकरण करत होता ते?” त्या हसल्या, पण पेला काही घेतला नाही. आजच्या आहारशास्त्राला निरोगी माणसाच्या बाबतीत यात काही वावगे दिसत नाही. तरी ज्याला दूध पचत नाही, त्याने आग्रहाला बळी पडू नये, आणि ज्यांचे मन मानत नाही त्यांना केळे वेगळे, दूध वेगळे द्यावे. मधुमेह असेल त्यांनी साखर घातली नाही म्हणून निर्धास्त राहू नये, केळ्यात साखर आहेच. मूत्रपिंडाच्या रोग्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय केळे घेऊ नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. कोकोत थोडी उत्तेजकताही आहे, म्हणून लहान मुलांना रात्री नको. दुपारी शाळेतून आल्यावर ठीक.

राहता राहिला दुधाचा प्रश्न. पाऊण लिटर दूध डेअरीला कमी गेले तर घरधनी भुवया उंचावणार. आमच्याकडे मी आठवड्यातले दोन दिवस ठरवून टाकले, बुधवार आणि रविवार, आणि त्या दिवशी दूध मोजायच्या आधीच पातेल्यात काढून ठेवते. चार पेले म्हणजे चारच; त्यातला एक स्वयंपाक करणारीचा. हे मुद्दाम लिहिते, कारण वाटून झाल्यावर भांडे विसळून पिणारी कोण असते ते आपल्याला ठाऊक आहे.

कोकोचा शंभर ग्रॅमचा डबा तालुक्याच्या गावी बेकरीचे सामान विकणाऱ्याकडे मिळतो. घेताना नुसती कोको पावडर आहे ना, साखर मिसळलेली नाही ना, तेवढे पाहा. एका वेळी आठ-दहा ग्रॅम लागतो, म्हणजे डबा आठवड्यात दोनदा वापरून पाच-सहा आठवडे सहज पुरतो. पावसाळ्यात झाकण घट्ट लावा आणि चमचा कोरडा घाला.