पणजीचें माहेर

आमच्या घरीं एका जुन्या रुमालांत बांधून ठेवलेली एक वंशावळ आहे. आजोबांनीं ती स्वहस्तें लिहिली. मूळपुरुषापासून निघालेल्या नऊ पिढ्यांच्या फांद्या तींत काढलेल्या असून, ज्याचा वंश खुंटला त्याच्या नांवापुढें एक लहानसें शून्य घातलें आहे. तो कागद उलगडला कीं आपण फार खोल मुळांच्या झाडावर बसलों आहों, असें मला वाटे. परवां माझ्या धाकट्या नातीनें तो पाहिला, नांवांवरून बोट फिरवलें आणि विचारलें, "आजोबा, ह्या सगळ्यांना आया नव्हत्या का हो?"

मी हसलों, पण उत्तर मात्र सुचलें नाहीं. नऊ पिढ्यांत एकाहि स्त्रीचें नांव नाहीं. श्राद्धाच्या वेळीं माता, पितामही, प्रपितामही अशा तिघींची नांवें आम्ही घेतों, एवढीच काय ती त्यांची आठवण. माझ्या पणजीचें नांव लक्ष्मी. पण तें लग्नांत तांदुळांवर लिहून ठेवलेलें सासरचें नांव. तिचें माहेरचें नांव काय, गांव कोणतें, हें सांगणारें आतां कोणीहि उरलेलें नाहीं.

त्या सुमारास मी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन राहिलेल्या डच घराण्यांच्या वंशावळी चाळीत होतों. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनें यान व्हान रीबेक १६५२ च्या एप्रिलांत तेथें उतरला. येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांना पाणी, भाजीपाला व मांस पुरवावें, एवढाच मूळ हेतु होता. १६५७ त कांहीं नोकरांना मोकळें करून जमिनी दिल्या, आणि ठाण्याची वसाहत झाली. त्या वसाहतवाल्यांच्या कुळांची नोंद क्रिस्टोफेल दे व्हिलियर्स ह्या गृहस्थानें केली. ती १८९३-९४ त, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. त्याची पद्धति मोठी सुटसुटीत आहे. मूळपुरुषाला एक अक्षर, त्याच्या मुलांना दुसरें, नातवंडांना तिसरें, आणि प्रत्येक अक्षरापुढें जन्मक्रमाचा आंकडा. तेवढ्या खुणेवरून अमका हा तिसऱ्या मुलाच्या दुसऱ्या मुलाचा पांचवा मुलगा, हें तत्काळ कळतें. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचें आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचें नांव ठेवण्याची त्यांची चाल वाचून तर मला घरच्यासारखें वाटलें. आजोबांचें नांव नातवाला देणारे आम्हीहि तेच.

पण ह्या वंशावळींत जसजसें मागें जावें, तसतशा डच नांवांच्या शेजारीं निराळ्याच बायका उभ्या दिसूं लागतात. अँजेला व्हान बेंगाल, म्हणजे बंगालची अँजेला, ही त्यांतलीच एक. ती व्हान रीबेकच्या घरीं गुलाम होती. १६६६ त तिला मुलांसह मुक्ति मिळाली, आणि १६६९ त तिनें आर्नोल्डस बासोन ह्या गोऱ्या वसाहतवाल्याशीं लग्न केलें. तिची मुलगी ॲना हिनें ओलोफ बर्ग ह्या स्वीडिश अधिकाऱ्याचा संसार केला. ह्या बर्गनें १७१६ त ग्रूट कॉन्स्टन्शिया ही द्राक्षमळ्यांची नामांकित वाडी विकत घेतली, आणि त्याच्यामागें गुलामगिरींत बालपण गेलेली ॲना त्या वाडीची मालकीण झाली.

ही वाडी मुळांत वसविली सिमोन व्हान देर स्टेल ह्यानें. तो १६७९ त केपचा मुख्याधिकारी व पुढें १६९१ त गव्हर्नर झाला. स्टेलेनबॉश हें गांव त्याच्याच नांवाचें. त्याची आई मारिया लीव्हेन्स, आणि मारियेची आई मोनिका. ही मोनिका गोव्याच्या किनाऱ्यावरची दासी होती, असें वंशावळकार सांगतात. तें वाचतांच मी थबकलों. गोव्याचा किनारा म्हणजे आपलें शेजारचें अंगण. थोडें उत्तरेस वेंगुर्ल्यास डचांची वखार होती आणि तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. त्या किनाऱ्यावरच्या एका बाईचा नातू केपचा गव्हर्नर होतो, आणि त्याच्या वाडींत पुढें बंगालच्या बाईची मुलगी नांदते!

ह्या दोघी अपवाद नव्हत्या. १६५२ पासून १८०८ पर्यंत केपला सुमारें ६३,००० गुलाम आणले गेले, आणि त्यांतील सुमारें पाव हिस्सा हिंदुस्थानांतून गेला, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गोऱ्या आफ्रिकानेर समाजाच्या रक्तांत सुमारें सात टक्के वांटा अशा परक्या पूर्वजांचा असल्याचें जे. ए. हीस ह्या अभ्यासकानें १९७१ त दाखविलें. आणि ह्याच समाजाच्या सरकारनें १९४९ त गोऱ्या-काळ्यांच्या विवाहांवर कायद्यानें बंदी घातली, ती १९८५ पर्यंत टिकली. १९५० पासून तर प्रत्येकाचा वर्ण सरकारी वहींत नोंदला जाऊं लागला. ज्यांनीं हे कायदे केले, त्यांतील कित्येकांच्या घरच्या वंशावळींत चारदोन फांद्या मागें गेल्यावर अँजेलेसारखी एखादी पणजी बसलेली असणार. शुद्धतेचा अभिमान धरणाऱ्यानें वंशावळ फार मागें नेऊं नये, हेंच खरें!

हें लिहून मी समाधानानें लेखणी ठेवणार होतों. दुसऱ्याच्या घरचें गुपित उघडें करण्यांत एक सुख असतें. पण नातीचा प्रश्न पुन्हां आठवला आणि तें सुख ओसरलें. अँजेला आणि मोनिका ह्यांची नांवें आज सांपडतात तीं कां? त्यांच्यावर कोणाचें प्रेम होतें म्हणून नव्हे. त्या मालमत्ता होत्या, आणि मालमत्तेची नोंद कंपनीचा कारकून चुकत नसे. विक्रीचा कागद, मुक्तीचा कागद, बाप्तिस्म्याची नोंद, ह्या आधारावर आज त्यांचा शोध लागतो. तरीहि तीं नांवें परक्यांनीं ठेवलेलीं. बंगालमध्यें अँजेलेला तिची आई कोणत्या नांवानें हांक मारीत होती, हें एकाहि कागदांत नाहीं.

आणि माझी पणजी? ती कोणाची दासी नव्हती. वाजतगाजत आमच्या घरीं आली, आणि त्याच दिवशीं तिचें नांव आम्हीं काढून घेतलें. विकत घेतलेल्या बाईचा माग तीनशें वर्षांनंतर लागतो, आणि मानानें आणलेल्या सुनेचा शंभर वर्षांतच बुजतो. आमच्या आजोबांनीं कोणाचें वाईट चिंतिलें नव्हतें. त्यांच्या रेघांत तिला जागाच नव्हती, इतकेंच.

गेल्या आठवड्यांत नात आणि मी कागद पुन्हां घेऊन बसलों. माझ्या बायकोचें, आईचें आणि आजीचें माहेरचें नांव मला ठाऊक होतें. तीं तिनें शिसपेन्सिलीनें, आजोबांच्या अक्षराला धक्का न लावतां, बाजूला लिहिलीं. पणजीपाशीं येऊन ती थांबली. "येथें काय लिहूं?" मी म्हटलें, "जागा तेवढी सोड." तिनें निर्वंशासाठीं काढलेलीं शून्यें पाहिलीं होतीं, म्हणून तेथें शून्य घालूं लागली. मी तिचा हात धरला. शून्य नको, पणजीचा वंश खुंटलेला नाहीं. तिनें मग एक चौकट काढली आणि ती रिकामीच ठेवली.