बहाव्याची पानं आणि काळी पिशवी

संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: ‘झाडांच्या किडींवर लिहा, पण सगळ्यांना कळेल असं.’ मी हो म्हटलं खरं, पण डोळ्यांसमोर आली ती पुण्यातल्या एका सोसायटीतली बहाव्याची १४ झाडं, आणि ती गोष्ट थोडी शास्त्रात शिरल्याशिवाय सांगता येत नाही.

जुलैअखेरीस मला बोलावणं आलं. लावून दोन वर्षं झालेली, पुरुषभर उंचीची झाडं; पानांचे मधले देठ तेवढे उभे, बाकी सगळं फस्त. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, आठ दिवसांत खाऊन टाकलं हो! माळ्यानं दोनदा औषध मारलं, तरी काही नाही.” मी बाटली मागवली. इमिडाक्लोप्रिड. हे औषध मावा, तुडतुडे यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींसाठी आहे. पान कुरतडणाऱ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग नाही. कीड कोणती ते न बघता बाटली उघडायची ही सवय मी तीस वर्षं बघते आहे, आणि तिचा मला अजून राग येतो.

ही अळी कॉमन एमिग्रंट या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखराची. मादी कोवळ्या पालवीवर उभी, पांढरी, चिंचोळी अंडी घालते. हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेला चिकटून पडते, त्यामुळे नजरेला येत नाही. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीनचार आठवडे, की संपलं. २०१५ साली महाराष्ट्रानं ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याचं कौतुक सगळ्यांना आहे. त्याच्या अळ्या लिंबाची पानं खाऊनच मोठ्या होतात, हे मात्र कुणाला ऐकायचं नसतं. बहाव्यावरच्या अळ्या अगदी लहान असतील तर हातानं वेचाव्यात, फार झाल्या तर बीटी हे जिवाणूजन्य औषध फवारावं. मोठ्या झाल्यावर ते काम बुलबुल, गांधीलमाश्या आणि पावशा करतात. रासायनिक फवारणीनं आधी मरतात त्या गांधीलमाश्या.

पण माझं खरं भांडण युरियाशी आहे. पानं गेली की लोक म्हणतात, झाड अशक्त झालं, त्याला खायला घाला. युरिया म्हणजे झाडाचं जेवण नव्हे! झाड आपलं जेवण पानात, उन्हात तयार करतं आणि उरलेलं पिठूळ स्टार्चच्या रूपात खोडात, फांद्यांत, मुळांत साठवतं. पानं गेल्यावर नवी पालवी फुटते ती या शिलकीतून. अशा वेळी ४६ टक्के नत्राचा युरिया ओतला, तर आहे ती शिल्लक लुसलुशीत, लांबट फुटव्यांत खर्ची पडते, आणि त्या फुटव्यांवर मावा आणि पिठ्या ढेकूण तुटून पडतात. मग पुन्हा औषध. पावसाळ्यात एकदा पानं गेल्यानं बहावा मरत नाही. उन्हाळ्यात तो आपली पानं स्वतःच गाळतो. एका वर्षात दोनतीनदा शिलकीला हात घालावा लागला, तर मात्र तो खचतो.

ही शिल्लक बघायची एक सोपी रीत आहे. बारीक काडी कापायची आणि कापावर आयोडीनचा थेंब टाकायचा. स्टार्च असेल तर काप निळाकाळा होतो. त्या दिवशी ११ झाडांच्या काड्या निळ्याकाळ्या झाल्या. तीन झाडांच्या तपकिरीच राहिल्या. मला वाटलं, यांना अळीनं आधीच्या वर्षीही गाठलं असेल. मी सांगितलं: युरिया नाही, छाटणी नाही, आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन, पाऊस उघडला तर पाणी, आणि थांबा.

तीन आठवड्यांत ११ झाडांना तांबूस-हिरवी पालवी आली. सोसायटीतल्या मुलांनी फोटो पाठवले, मला फार बरं वाटलं. ती तीन मात्र दसऱ्यापर्यंत वाळली. उपटायला गेलो तर फारसा जोरच लावावा लागला नाही. मातीखाली नर्सरीची काळी पिशवी तशीच होती. लावणाऱ्यानं फक्त तळ फाडला होता. मुळं आतल्या आत गोल गोल फिरून एकमेकांना आवळून बसली होती. त्या झाडांनी दोन वर्षांत शिल्लक टाकलीच नव्हती. अळी फक्त शेवटी आली.

जुलैत मी त्या तपकिरी काड्या हातात धरल्या होत्या. बुंध्याशी खुरपं घालून वीतभर माती बाजूला केली असती, तर पिशवीची कड दिसली असती. ती चिरून, आवळलेली मुळं कापून झाडं वाचली असती का? पावसाळा होता, कदाचित एखादं वाचलंही असतं. पण मी पानांच्या तक्रारीसाठी गेले होते आणि पानंच बघत राहिले. आता कुणी अळीसाठी बोलावलं तरी मी आधी बुंध्याशी बसते. माळी वर फांद्यांकडे बोट दाखवत असतात.

त्या तीन जागी पुढच्या जूनमध्ये नवी रोपं लावली. पिशव्या ब्लेडनं उभ्या चिरून मी स्वतः काढल्या आणि मोजून सेक्रेटरींच्या हातात दिल्या.