पत्र कुणाचे, अक्षर कुणाचे?

आमच्या वैजापूरचा पिनकोड ४२३७०१. परगावच्या शहाण्या माणसाला तो सांगितला की तो हमखास विचारतो, "नक्की ना?" कारण आमचा जिल्हा छत्रपती संभाजीनगर. त्या शहराचे आकडे ४३१ने सुरू होतात आणि आम्ही मात्र मालेगाव, येवला, कोपरगाव यांच्या ४२३च्या पंगतीत पान मांडून बसलेले. पिनकोडाचे पहिले तीन आकडे डाकेची वर्गवारी कुठे होते ते सांगतात. कलेक्टर कुठे बसतो याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. १५ ऑगस्ट १९७२ला ही योजना सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, शिवाय संस्कृत पंडित. पत्र कुठे जायचे हे त्यांनी सहा आकड्यांत बसवले. पण ते आले कुणाकडून, हा प्रश्न कुठल्याच आकड्यात बसत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? आंतर्देशीय पत्रावर पाठवणाऱ्याचे नाव लिहायला जागा असते की! अहो, त्या जागेनेच तर मला लहानपणी घाम फोडला. १९६८ साली मी चौथीत होतो आणि आमच्या निरक्षर आजीचा अधिकृत लेखनिक होतो. ती जात्यापाशी बसून सांगायची, मी पालथा पडून लिहायचो. पहिल्याच पत्रावर मी मोठ्या दिमाखात पाठवणार म्हणून स्वतःचे नाव टाकले. आजीने ते वाचून दाखवायला लावले आणि म्हणाली, "पत्र कोनाचं? महं. हात तुहा. हाताचं नाव कोनी लिव्हतं का?"

मग हळूच पुढे, "आन् उत्तर घरी नको म्हनावं. गुर्जींच्या पत्त्यावर धाड म्हनावं." घरी आलेले पत्र आधी आजोबा फोडत. जालन्याला दिलेल्या लेकीला आजी काय काय सांगते, हे त्यांना कळण्याची तिची इच्छा नव्हती.

म्हणजे बोलणारी एक, लिहिणारा दुसरा आणि उत्तर जायचे तिसरीकडेच. गंमत पाहा, नेमकी हीच तीन खाती पुढे ई-मेलच्या नियमांत आली. ऑगस्ट १९८२मध्ये डेव्हिड क्रॉकर या अमेरिकन गृहस्थांनी लिहिलेले हे नियम 'आरएफसी ८२२' या नावाने ओळखले जातात. (नाव एखाद्या मालगाडीच्या डब्यासारखे आहे, पण माल चांगला आहे.) त्यात 'फ्रॉम' म्हणजे ज्याचे म्हणणे आहे तो. 'सेंडर' म्हणजे प्रत्यक्ष रवाना करणारा. साहेबांचे पत्र चिटणीसाने पाठवले, तर साहेब पहिल्या ओळीत आणि चिटणीस दुसऱ्या. दोघे एकच असतील तर दुसरी ओळ लिहायचे कारण नाही. पण मजकूर दोघातिघांनी मिळून लिहिला असेल, तर पाठवणारा कोण ते सांगितलेच पाहिजे. आणि 'रिप्लाय-टू' म्हणजे आमच्या गुरुजींचा पत्ता!

न्यूजग्रुप म्हणजे संगणकांवरचा चावडीचा फळा. त्याचे १९८७चे नियम आणखी बेरकी. 'फ्रॉम'ची ओळ कुणी स्वतःच्या हाताने भरली, तर रवाना करणारा खरा कोण ते 'सेंडर'मध्ये नोंदवायचे आणि त्याची खातरजमा यंत्राने करायची. शिवाय मजकूर ज्या ज्या यंत्रातून आला त्यांची नावे डाकेच्या शिक्क्यांसारखी एका ओळीत, आणि दोन नावांच्या मध्ये चक्क उद्गारचिन्ह! जणू प्रत्येक मुक्कामाला यंत्र म्हणत होते, "अरेच्चा, पोचलं की!"

आजीला हे सगळे न शिकता ठाऊक होते. पत्र आले की तिचा पहिला प्रश्न "काय लिव्हलं?" हा नसायचा. ती विचारायची, "अक्षर कोनाचं?" त्याच साली दिवाळीनंतर आत्याचे पत्र आले. मी सुखात आहे, काळजी नसावी, इतक्यात येणे जमणार नाही. अक्षर मोत्यासारखे. मी म्हटले, "आत्याचं नाही. तिचा ळ कधी असा वळत नाही." आजीचा हात जात्यावर थांबला. "तिला लिव्हता येतं, मंग दुसऱ्यानं काहून लिव्हलं?"

दुसऱ्या दिवशी तिने रोटेगाव स्टेशन गाठले आणि जालन्याची गाडी धरली. तिसऱ्या दिवशी परत आली ती आत्याला आणि तिच्या ट्रंकेला घेऊनच. आत्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. सासरचे म्हणत होते, विहिरीवर पाय घसरला. आजीने त्यावर वाद घातला नाही, पण पुढची तीन वर्षे आत्या आमच्याकडेच राहिली.

आता अक्षर कुणाचे हे विचारण्याची सोय उरली नाही. सगळ्या जगाचा ळ सारखाच वळतो. मागच्या वर्षी पुतण्याच्या नावाने मेल आला : काका, अडचणीत आहे, पैसे पाठवा. मी नावावर बोट ठेवले, तर खाली पत्ता भलत्याचाच! ८२२च्या मंडळींनी चिटणिसाचा विचार केला, चोराचा करायचा राहिला. 'फ्रॉम'मध्ये कुणीही कुणाचेही नाव घालावे, मूळ नियमांत त्याला कुणी हटकत नव्हते. २००७मध्ये त्यावर 'डीकेआयएम' नावाचे लाखेचे सील आले. पण ते पत्र कुठल्या पेढीतून निघाले ते सांगते. आत हात कुणाचा, ते नाही.

पुतण्याला फोन केला तेव्हा तो मजेत मिसळ खात होता.

आत्या आता ऐंशीला टेकली. नातवाकडून मला निरोप टाइप करून घेते आणि त्याने कितीही कुरकुर केली तरी शेवटी एक ओळ घालायला लावते : "बोट याचं हाय, बोलनं महं."