जागा पाहावी खणून

घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्याला माझी एक छोटीशी पुस्ती आहे : आधी जागा पाहावी खणून. निदान आमच्या ठाणे-कल्याणकडे तरी. इकडे मोकळा भूखंड आता औषधालाही मिळत नाही; आणि मिळालाच, तर तो इतकी वर्षे मोकळा का राहिला, याचे उत्तर बहुधा त्याच्या पोटातच असते.

माझ्या धाकट्या भावाने डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, तीन गुंठ्यांचा तुकडा पाहिला. वर छान तांबूस मुरूम. विकणाऱ्याने टाच आपटून दाखवली, "कातळ आहे साहेब, कातळ!" भाऊ हरखून गेला. जन्माची पुंजी जायची होती, भावजयीच्या पाटल्याही मोडायच्या होत्या. मी म्हटले, इसार उद्या दे, आज खड्डा घेऊ.

खड्ड्याची परीक्षा काही नवी नव्हे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत ती सांगून ठेवली आहे. हातभर खणावे आणि तीच माती परत भरावी. उरली तर जागा उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. हे मला पटते. मुरलेली, घट्ट बसलेली माती खणली की फुलते. भराव मुळातच पोकळ. दुसरी परीक्षा पाण्याची : खड्डा भरून शंभर पावले जाऊन यावे, पाणी तसेच राहिले तर जागा चांगली. इथे मात्र आचार्यांशी माझे जमत नाही. काळी चिकण माती पाणी झकास धरते, आणि पावसाळ्यात फुगून, उन्हाळ्यात आकसून भिंतींना तडेही तीच देते!

आमच्या खड्ड्याने इतका विचार करू दिला नाही. दीड फूट मुरूम संपला आणि पहारेला विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या लागल्या. कुणाची तरी पाडलेली चाळ तिथे पुरली होती. सहा फुटांवर काळाकुळकुळीत गाळ, त्यात शिंपल्या, आणि तो ओळखीचा वास. तळाशी पाणी झिरपू लागले. भावाने बोट बुडवून जिभेला लावले.

"दादा, खारट आहे."

शेजारच्या आगरी आजीबाई गंमत बघत उभ्या होत्या. लहानपणी आपण इथे निवट्या धरत होतो, असे त्यांनी हसत हसत सांगितले. 26 जुलै 2005 च्या पुरात पाणी कुठवर चढले होते, तेही भिंतीवर हात ठेवून दाखवले. त्यांचा हात माझ्या खांद्याच्या वर होता.

ओळखीच्या इंजिनिअरांना विचारले. ते म्हणाले, खाजणावर घर होत नाही असे नाही. भोक पाडून आत नळी घालायची, तिच्यावर साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून सोडायचा, आणि 30 सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचे. पक्क्या मुरमात पन्नास ठोके देऊनही ती हटून बसते. खाडीच्या गाळात दोन-चार ठोक्यांत जाते. मग खाली खडक लागेपर्यंत काँक्रिटचे खांब उतरवावे लागतात. खर्चाचा आकडा ऐकून भाऊ बराच वेळ गप्प बसला.

इसार दिला नाही. भावजयीने पाटल्या पुन्हा हातांत चढवल्या. भाऊ हल्ली रविवारी बदलापूरकडच्या जागा बघत हिंडतो. पहार बरोबर असते.